एम.एस.ला जाणाऱ्यांची जुनी वाट

आपल्या वर्गातले बरेच जण बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलो आणि त्यातले काही पुढे एम.एस.साठी अमेरिकेला. जी.आर.ई., टोफेल, व्हिसाची रांग हे सगळं आपल्याच पिढीपासून सुरू झालं, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात ही वाट आपल्या खापरपणजोबांच्या काळातली आहे, आणि तिच्या सुरुवातीला एक पुणेकर आहे.

बॉस्टनच्या एम.आय.टी.मध्ये १८८२ साली केशव मल्हार भट हे पुण्याचे विद्यार्थी दाखल झाले. तिथले ते पहिले भारतीय. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळत होतं, पण त्याचा रोख मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याकडे होता. कारखाना काढायचा तर बाहेर जाऊन शिकणं भाग होतं.

स्वदेशीच्या काळात ईश्वरदास वार्ष्णेय याच एम.आय.टी.त शिकले. अंताजी दामोदर काळे यांनी तेव्हा माणशी एक पैसा वर्गणी मागत ‘पैसा फंड’ उभा केला होता. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून तळेगावला काचकारखाना निघाला आणि १९०८ मध्ये वार्ष्णेय त्याचे प्रमुख झाले. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातल्या काचकारखान्यांत गेले.

हे लोक परतले आणि आपण तिकडेच राहिलो, असा टोमणा आपल्या गेट-टुगेदरमध्ये हमखास ऐकू येतो. त्याला एक दुसरी बाजू आहे. अमेरिकेच्या १९१७च्या कायद्याने भारतीयांना स्थायिक होण्यासाठी दार बंद केलं. विद्यार्थ्यांना मात्र सूट दिली. म्हणजे शिका आणि जा. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, पण वर्षाला कोटा होता फक्त १००. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५च्या कायद्याने. तेव्हा आधीच्यांच्या परतण्यात देशप्रेम होतं तसा कायदाही होता, आणि नंतरच्यांच्या राहण्यातही तो आहेच.

विद्यार्थी व्हिसाची अट मात्र आजही तीच आहे: परत जायचा इरादा हवा. बाविसाव्या वर्षी खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला मीही ‘परत येणार’ म्हणून सांगितलं. त्या वयात ते खरं की खोटं, हे कोणाला ठाऊक असतं?

वर्गातल्या मुलींसाठी एक नाव मुद्दाम सांगते. बंगळुरूच्या राजेश्वरी चॅटर्जी स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारी शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात गेल्या. पुढे आशियाई स्त्रियांसाठी असलेली तिथली बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९५३ मध्ये पीएच.डी. करून त्या भारतीय विज्ञान संस्थेत परतल्या आणि मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंगचे कित्येक विद्यार्थी त्यांनी घडवले. शाळेत असताना हे नाव मला माहीत असतं, तर घरी ‘मुलगी एकटी इतक्या लांब कशी राहणार?’ हा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर तयार असतं.

आपल्यातले काही गेले, काही जाऊन आले, बरेचसे इथेच राहिले. कोण जास्त देशाचा, हा वाद या वर्षी तरी बाजूला ठेवू या. तळेगावच्या काचेत बॉस्टनला शिकलेली विद्या होती आणि गावाबाहेर पाऊलही न टाकलेल्या माणसांचा एकेक पैसाही होता. शाळेसाठी काही करायचं ठरवलं, तर आपल्यालाही दोन्ही लागणार आहेत.