पुळणीवरून निघालेला खेळ

गोल्फ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. गालिच्यासारखी हिरवळ, मधे निळं तळं, फिरायला छोटी गाडी आणि दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी. हा पैसेवाल्यांचा खेळ, आपला काय संबंध, असं म्हणून आपण टीव्हीचा चॅनल बदलतो. पण हा खेळ जिथे वाढला ती जागा पाहिली, तर रत्नागिरीच्या माणसाला ती फारशी परकी वाटणार नाही. तिथे तळं नव्हतं, पेरलेली हिरवळ नव्हती आणि कुंपणही नव्हतं. होती ती समुद्र आणि शेत यांच्यामधली वाळूची पट्टी. आपल्या पुळणीची आणि तिच्यामागच्या वाळूच्या उंचवट्यांची ही स्कॉटलंडमधली बहीणच म्हणायची.

या पट्टीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. ‘ह्लिंक’ या जुन्या इंग्रजी शब्दापासून तो आला. अर्थ साधा, उंचवटा किंवा बांध. पुढे गोल्फच्या कुठल्याही मैदानाला लोक सर्रास ‘गोल्फ लिंक्स’ म्हणू लागले. पण खरं लिंक्स म्हणजे समुद्राने आणि वाऱ्याने घडवलेली वालुकामय जमीन. तिथे नांगर चालत नाही. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून धान्य पिकत नाही. उगवतं ते राठ, बारीक गवत. त्यावर मेंढ्या चरायच्या, सशांची बिळं असायची. मेंढ्यांनी आणि सशांनी गवत खाऊन खाऊन आखूड केलं, तेच खेळाचं मैदान झालं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे अंग चोरून बसत, तिथे वाळू उघडी पडून खळगे झाले आणि त्यांतूनच आजचे ‘बंकर’ निघाले, असं सांगतात. म्हणजे मैदानाचा आराखडा काढणारा इंजिनिअर कुणी नव्हताच. वारा, पाऊस आणि जनावरं यांनीच तो काढला.

खेळ किती जुना? १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर आणि फुटबॉलवर बंदी घातली. कारण मजेशीर आहे. तरुण मंडळी खेळात रमून धनुर्विद्येचा सराव चुकवत होती. बंदी घालावी लागली, याचा अर्थ तोवर हा खेळ लोकांत चांगलाच मुरलेला होता. पुढे १७६४ साली सेंट अँड्र्यूज या गावात बावीस होलांची फेरी कमी करून अठरा होलांची केली गेली. आज जगभर गोल्फची फेरी अठरा होलांची असते, तिचं मूळ इथे आहे.

आता लिंक्सवरचा खेळ आणि इतर मैदानांवरचा खेळ यांत फरक काय, ते पाहू. लिंक्सवर झाडं जवळजवळ नसतात आणि समुद्रावरचा वारा सतत अंगावर येतो. चेंडू उंच उडवला, तर वारा त्याला कुठेही नेऊन टाकतो. म्हणून जाणता खेळाडू चेंडू खालून, वाऱ्याच्या पोटाखालून काढतो आणि जमिनीवरून घरंगळू देतो. जमीन टणक, वरखाली. चांगला मारलेला चेंडूही एखाद्या उंचवट्यावर आपटून खळग्यात जातो आणि वाईट मारलेला नशिबाने बरोबर जागी पोचतो. तक्रार करायची कुणाकडे? लिंक्सवरचा खेळाडू जमिनीचं ऐकून खेळतो. १८६० साली प्रेस्टविक इथे सुरू झालेली ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा आजपर्यंत लिंक्स मैदानांवरच होत आली आहे, ती उगाच नाही.

पण खेळापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती जमिनीच्या मालकीची. सेंट अँड्र्यूजची लिंक्स ही गावाची जमीन होती. १५५२ साली तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली, पण गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी वगैरे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क त्याच सनदेने मान्य केला. त्याच जमिनीवर बायका कपडे वाळत घालत, गुरंमेंढरं चरत. आपल्या हर्णैला किंवा मिरकरवाड्याला किनाऱ्यावर मासळी वाळते, जाळी दुरुस्त होतात, आणि तिथेच बाजूला पोरं क्रिकेट खेळतात. त्यातलाच हा प्रकार.

मग १७९७ साली संकट आलं. नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि लिंक्सची जमीन सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. कातडी आणि मांस यांसाठी ससे वाढवले जाऊ लागले. सशांनी मैदान पोखरून काढलं. गावकरी आणि व्यापारी यांचं भांडण कोर्टात गेलं, मारामाऱ्याही झाल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळायचा, जमीन विकत घेऊन मैदान वाचवलं. १८९४ साली संसदेच्या कायद्याने ही जमीन पुन्हा नगराच्या ताब्यात आली. इथल्या जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’वर रविवारी खेळ बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी लोक पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला जातात. गोल्फचं माहेर मानली जाणारी ही जागा मुळात सार्वजनिक मैदान आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

खेळ समुद्रापासून आत सरकला तसं हे चित्र बदलत गेलं. रेल्वे आली, शहरातल्या सुखवस्तू माणसांना घराजवळ मैदान हवं झालं. लंडनच्या आसपास झुडपांच्या रेताड माळरानांवर मैदानं निघाली. १९०१ सालचं सनिंगडेल हे त्यातलं नावाजलेलं. त्यांना ‘हीथलंड’ म्हणतात. जमीन रेताड असल्याने ती लिंक्सच्या जवळची, पण इथे झुडपं तोडून, गवत पेरून मैदान करावं लागलं. त्यानंतरची ‘पार्कलंड’ मैदानं म्हणजे बागच. मोठी झाडं, जड माती, दाट हिरवळ. अमेरिकेतल्या ऑगस्टाचं मैदान तर पूर्वीच्या रोपवाटिकेच्या जागी उभं राहिलं आणि तिथल्या प्रत्येक होलला एकेका झाडाझुडपाचं नाव आहे. १९३४ पासून तिथे मास्टर्स स्पर्धा होते. रंगीत टीव्ही आला, ऑगस्टाची हिरवळ घरोघर पोचली आणि गोल्फचं मैदान म्हणजे असंच हिरवंगार असलं पाहिजे, असं जगाला वाटू लागलं. पुढे बुलडोझरने टेकड्या हलवणं सोपं झालं आणि वाळवंटातसुद्धा हिरवळ आली. आधी खेळ जमिनीप्रमाणे वळत होता, आता जमीन खेळाप्रमाणे वळवली जाऊ लागली. लिंक्स आणि इतर मैदानं यांच्यातला खरा फरक हाच.

हा खेळ आपल्याकडे आला तो साहेबाबरोबर. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. मुंबईचा क्लब १८४२ सालचा, पण तो पुढे लयाला गेला. आज चेंबूरला आहे तो बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. झाडाझुडपांतलं पार्कलंड वळणाचं मैदान. पण सगळीकडे हिरवळ राखणं साहेबालाही परवडत नव्हतं. त्यामुळे अनेक ठिकाणी, विशेषतः लष्करी छावण्यांत, होलभोवतीच्या जागेत गवताऐवजी तेल घालून दाबलेली वाळू असे. ‘ग्रीन’च्या जागी असणारी ही ‘ब्राऊन’. पाणी नसलेल्या मुलखाशी खेळाने केलेली ही शहाणी तडजोड होती.

महाराष्ट्रातल्या एका गोल्फ मैदानाची गोष्ट तर रत्नागिरी जिल्ह्याशी जोडलेली आहे. नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हणून एक मोठं मैदान आहे. आज तिथे कुणी गोल्फ खेळत नाही. सकाळी लोक फेऱ्या मारतात, सभा होतात, रणजी सामनेही झाले आहेत. या मैदानाला आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात. कान्हेरे मूळचे आपल्या खेड तालुक्यातले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. साहेबाच्या खेळाची जागा सर्वांची झाली आणि तिला साहेबाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणाचं नाव मिळालं. सेंट अँड्र्यूजला जे कायद्याने झालं, ते नाशिकला काळाने केलं.

मग प्रश्न येतो, एवढा किनारा असताना कोकणात लिंक्स का झाली नाही? उत्तर हवेत आणि जमिनीत आहे. सेंट अँड्र्यूजला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिने थोडा थोडा. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. मेंढ्यांनी आखूड राखलेलं ते थंड हवेतलं गवत इथे टिकणार नाही. आपल्या पुळणीवर मर्यादवेल पसरते, केवडा उभा राहतो. आणि त्यामागची वाळू इथे पडीक कधी नव्हतीच. तिच्यात माड होतो. भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे आणि शेजारी सुरूचं बन आहे. स्कॉटलंडच्या माणसाला वाळूचं काय करावं हे सुचलं नाही म्हणून त्याने तिच्यावर खेळ मांडला. आपल्या माणसाने तिच्यात वाडी केली.

राहिला सडा. वर चढून गेलं की जांभ्याचा उघडा कातळ मैलोन्‌मैल पसरलेला. बाहेरच्याला वाटतं, ही रिकामी जागा आहे. पण पावसाळ्यात त्याच कातळावर रानफुलांचे ताटवे येतात, गुरं चरतात, त्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला पोचतं. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांनी तर दाखवून दिलं, की हजारो वर्षांपूर्वीही माणूस इथे काही मांडत होता. कोकणातली ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. अशा कातळावर हिरवं मैदान करायचं, तर बाहेरून माती आणायची आणि जानेवारी ते मे पाणी द्यायचं. नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

हा केवळ कल्पनेतला प्रश्न नाही. सिंधुदुर्गाच्या टोकाला, नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडणाऱ्या तेरेखोल गावात गोल्फ मैदान आणि रिसॉर्टचा प्रकल्प आला. कुळांचे हक्क, काजूच्या बागा, पाणी यांवरून २०१० नंतरच्या दशकात वाद पेटला आणि कोर्टकचेरीपर्यंत गेला. खुद्द स्कॉटलंडही यातून सुटलं नाही. अॅबर्डीनजवळ मेनी इथे २०१२ साली डोनाल्ड ट्रम्प यांचं मैदान सुरू झालं. नाव ‘लिंक्स’च. पण तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्या मैदानासाठी एका जागी स्थिर केल्या गेल्या, आणि मैदानाच्या भागातल्या टेकड्यांचा संरक्षित निसर्गस्थळाचा दर्जा २०२० साली काढून घेतला गेला. ज्या वाळूने खेळ घडवला, त्या वाळूचं चालणंच खेळाने थांबवलं.

तेव्हा मंडळी, गोल्फ वाईट आणि क्रिकेट चांगलं, असं सांगण्याचा इथे हेतू नाही. मोकळ्या हवेत चालत चालत खेळायचा हा छान खेळ आहे. पण त्याचा इतिहास एक साधं माप आपल्या हातात देतो. नवं मैदान आखलं जात असेल, मग ते गोल्फचं असो वा आणखी कशाचं, तर तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन आहे तशी राहणार की खणली जाणार? पाणी कुणाच्या वाट्याचं जाणार? आणि खेळ नसेल त्या दिवशी गावाला तिथे पाय ठेवता येणार का? सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांनी सशांविरुद्ध जवळजवळ पाव शतक भांडून यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळवलं. आपल्या पुळणी आणि सडे अजून बऱ्याच अंशी मोकळे आहेत. हे प्रश्न आपण आधीच विचारले, तर तितकं भांडावं लागणार नाही.