सत्तर कार्डांची शिकवणी

१/ पटकथा वर्गात शिकवता येते का, हा वाद जुनाच. एक उत्तर प्रागहून आले.

२/ तेथील ‘फामू’ या १९४६ च्या चित्रपट विद्यालयात फ्रान्तिशेक डॅनियल पटकथालेखन शिकवीत. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. पुढे डॅनियल यांनी अमेरिका गाठली.

३/ लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा सल्ला हिशेबनिसाला शोभावा असा होता: ७० कार्डे घ्या, प्रत्येकावर एक प्रसंग लिहा, सत्तर भरली की चित्रपट तयार. ऐकणाऱ्यांत डेव्हिड लिंच होते! ‘इरेझरहेड’सारखे दुःस्वप्न रचणारा हा दिग्दर्शक पुढेही हीच रीत सांगत राहिला.

४/ कोलंबिया व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत डॅनियल यांनी आठ टप्प्यांची मांडणी रुजवली. प्रत्येक टप्पा १०-१५ मिनिटांचा. जुन्या काळी एक रीळ साधारण तेवढेच चाले.