लोणारचा खड्डा आणि परक्या धंद्यातली माणसे

लोणारच्या तळ्यातून निघणाऱ्या क्षाराचे गावकऱ्यांनी एका नावावर कधी भागवले नाही. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याची प्रतवारी होती. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, अशी नोंद ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. पाण्यात काय आहे हे पोटापाण्यासाठी माहीत असणे भागच होते. पण सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल, जवळजवळ वर्तुळाकार खड्डा काळ्या कातळात पडला कसा, या प्रश्नावाचून कुणाचा धंदा अडत नव्हता. विष्णूने लवणासुराला मारले त्याची ही जागा, एवढे उत्तर दैत्यसूदनाचे देऊळ बांधणाऱ्या गावाला पुरले.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची दखल घेतली. पुढे भूशास्त्रज्ञ आले आणि बहुतेकांनी ज्वालामुखीचे नाव घेतले. त्यात वावगे काही नव्हते. अख्खे दख्खनचे पठार लाव्ह्याच्या थरांचे. तिथे विवर दिसले की बोट आधी ज्वालामुखीकडेच जाणार. अडचण अशी, की हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्डा त्या मानाने कालपरवाचा वाटतो: कडा अजून उभ्या, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले. एवढ्या काळापूर्वी विझलेली चूल नेमकी याच एका जागी पुन्हा कशी पेटली? १८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत अमेरिकी भूशास्त्रज्ञाने लोणारचे ॲरिझोनातल्या खड्ड्याशी असलेले साम्य नोंदवले, पण तो खड्डाही त्याच्या मते वाफेच्या स्फोटाचाच होता. ही मंडळी निरीक्षणात कमी पडली असे मला वाटत नाही. हातोडा होता, नकाशा होता, डोळेही तयार होते. अतिवेगवान आघाताचे भौतिकशास्त्र तेवढे हाताशी नव्हते, आणि त्या काळी ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हते. जे कुठे शिकवलेच जात नाही, ते कुणीतरी आपला धंदा सांभाळूनच शिकावे लागते.

१९२४ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन कॉलेज या शाळेत गणित शिकवणाऱ्या ए. सी. गिफर्डने चंद्रावरच्या खड्ड्यांसाठी अशा आघाताचा हिशेब मांडला. तो पाठकोऱ्या कागदावर करून पाहण्याजोगा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या किलोभर दगडात साधारण तेवढ्याच टीएनटीची ऊर्जा असते. वेग १५ किलोमीटर झाला की ती पंचवीसपट. असा दगड जमिनीत रुतून बसत नाही, त्याचा स्फोट होतो. मग तो बराच तिरका आला तरी खड्डा गोलच पडतो. चंद्रावरचे खड्डे गोल आहेत म्हणून ते आघाताचे नसावेत, हा जुना मुद्दा इथेच निकालात निघाला. पुढे राल्फ बाल्डविनने बॉम्ब आणि तोफगोळ्यांच्या खड्ड्यांची रुंदी-खोली चंद्रावरच्या खड्ड्यांशी ताडून पाहिली आणि १९४९ साली ‘द फेस ऑफ द मून’ हे पुस्तक काढले. त्याची डॉक्टरेट खगोलशास्त्राची, पण चरितार्थ मिशिगनमधल्या लाकूडकामाची यंत्रे बनवणाऱ्या घरच्या कारखान्यावर. आणि १९६४ साली ‘लोणार उल्केचे विवर आहे का?’ असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारणारे युजीन लाफाँड आणि रॉबर्ट डिट्झ हे दोघेही सागराचे अभ्यासक! लाफाँड वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात शिकवून गेलेला. डिट्झचे नाव सागरतळ पसरतो या सिद्धान्ताशी जोडलेले, आणि चंद्राचे खड्डे हा त्याचा तरुणपणापासूनचा नाद. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडातल्या तळ्याकडे वळायचे त्यांना नोकरीच्या दृष्टीने काही कारण नव्हते.

बाल्डविन, डिट्झ ही शिकलेली माणसे, त्यांना हौशी कसे म्हणायचे, असे कुणी विचारील. शिकलेली होतीच, पण जे शिकले ते वेगळे आणि इथे कामी आले ते वेगळे. याहून वजनदार आक्षेप असा, की बरोबर निघालेल्या एका हौशीमागे फसलेले शंभर असतात. ते खरे आहे. ॲरिझोनाचा खड्डा उल्केचा, हे डॅनियल बॅरिंजर १९०३ पासून ठासून सांगत होता. तो कायदा शिकलेला, खाणधंद्यात उतरलेला. त्याचे म्हणणे बरोबर निघाले, पण खाली कोटीच्या हिशेबात टनावारी लोखंड पुरले आहे हा त्याचा हट्ट चुकला. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने ऊर्जेच्या गणितावरून तो आकडा तीन लाख टनांवर आणला. आपल्याकडचे उदाहरण व्यंकटेश बापूजी केतकरांचे. मुंबई इलाख्यात मास्तरकी करता करता त्यांनी ग्रहगणित आत्मसात केले, ‘ज्योतिर्गणितम्’ लिहिले आणि १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे गणित छापले. त्यातल्या एकाचा प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. १९३० साली सापडलेल्या प्लुटोचा निघाला २४८. आकडा विलक्षण जवळचा, तरी त्यावरून पद्धत खरी ठरत नाही. दुसरा ग्रह सांगितल्या अंतरावर कुणाला दिसलेला नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे. परक्या धंद्यातल्या माणसाने प्रश्न योग्य शास्त्राच्या दारात नेऊन ठेवला. दार उघडायला त्या शास्त्रातलीच माणसे लागली.

लोणारमध्ये ती आली ड्रिलिंगची यंत्रे घेऊन. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले सहकारी यांनी तळ्याखालचा खडक वर काढला आणि १९७३ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. खडकात मॅस्केलिनाइट होते. फेल्डस्पारचा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फिरवला की उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. मॅस्केलिनाइट झालेल्या कणाची बाह्यरेषा स्फटिकाचीच राहते, पण तो कितीही फिरवला तरी काळाच दिसतो, कारण आतली रचना मोडून त्याची काच झालेली असते. त्याला काही लाख वातावरणांचा धक्का लागतो, आणि ज्वालामुखीच्या अंगात तेवढा जोर नसतो. खड्डा कशाने पडला हे असे ठरले. कधी पडला, यावर मात्र एकमत नाही. तप्तदीप्तीच्या पद्धतीने वय ५२,००० वर्षांच्या आसपास येते, तर अरगॉनच्या समस्थानिकांवरून २०११ साली ते सुमारे ५,७०,००० वर्षे काढले गेले.