कल्पनेतील अवकाशनौका आणि त्यांतील माणसे



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने परग्रहावर वस्ती करावयास निघालेल्या जहाजांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण त्यात नवल नाही. जे जहाज बांधावयाचे असते त्याच्या आराखड्यावर पैशाचा, लोखंडाचा आणि मुदतीचा लगाम असतो. जे केवळ कल्पनेत बांधावयाचे असते, त्यावर असा कोणताही लगाम नसतो. म्हणूनच ते रेखाटणाऱ्याचे मन त्यात उघडे पडते. खिडकीजवळची जागा तो कोणाला देतो, यंत्राशी कोणाला जुंपतो आणि हुकूम कोणाच्या तोंडी घालतो, हे पाहिले म्हणजे त्याच्या मनातला समाज आपणांस दिसतो. आज या दृष्टीने या जहाजांचा इतिहास पाहावयाचा आहे.

पहिल्या कल्पकांपुढे प्रश्न होता तो फक्त उड्डाणाचा. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याने 1865 साली तीन माणसांना एका प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले. अशा तोफेच्या हिसक्याने आतल्या माणसांचा चेंदामेंदा झाला असता, हे पुढे गणिताने स्पष्ट झाले. खरी वाट दाखविली ती रशियातील कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की याने. दहाव्या वर्षी आलेल्या तापाने त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आणि शाळा सुटली. सोळाव्या वर्षी तो मॉस्कोला गेला आणि काळी पाव-भाकरी खाऊन तीन वर्षे सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःच शिकला. पुढे कालुगा गावी गणिताची मास्तरकी करीत असता त्याने 1903 साली अग्निबाणाच्या गतीचे गणित प्रसिद्ध केले.

या मास्तराने एक कादंबरीही लिहिली. 1896 साली तिला आरंभ झाला आणि 1920 साली ती पुस्तकरूपाने पूर्ण निघाली. तिची कथा घडते 2017 साली, आणि तिच्यातले निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ जमतात ते आपल्या हिमालयात! तेथून निघालेल्या त्यांच्या यानात वनस्पतींचे काचघर आहे. माणसाने सोडलेली हवा झाडांनी शुद्ध करावयाची, झाडांनी माणसाला अन्न द्यावयाचे, आणि काहीही वाया जाऊ द्यावयाचे नाही, असा तो हिशेब. जहाज म्हणजे नुसते वाहन नव्हे, ते एक चालते घर आहे, हा विचार येथे ठामपणे उभा राहिला.

पण घर म्हटले की त्यात पिढ्या आल्या. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे. 1977 साली सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जात आहे; त्या वेगाने एवढे अंतर कापावयास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. वेग शंभरपट वाढविला तरी सातशे वर्षे! म्हणजे निघणारा पोहोचणार नाही. त्याच्या नातवाचे पणतूही कदाचित वाटेतच मरतील. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल याने 1929 साली यावर एक कल्पना मांडली. सुमारे सोळा किलोमीटर व्यासाचा पोकळ गोल अवकाशात उभारावा आणि त्यात वीस-तीस हजार माणसांनी कायमची वस्ती करावी. असा गोल हळूहळू दूरच्या ताऱ्याकडेही निघू शकेल.

आता कथालेखकांनी एक गोष्ट ओळखली, जी यंत्रज्ञांच्या कागदावर नव्हती. 1940 साली अमेरिकेतील डॉन विल्कॉक्स याने सहाशे वर्षांच्या प्रवासाची कथा लिहिली. तिचा नायक गोठून झोपतो आणि दर शंभर वर्षांनी जागा होतो. प्रत्येक वेळी त्याला दिसते की जहाज तेच आहे, पण आतला समाज निघतानाचा हेतू विसरत चालला आहे. शेवटी ते मुक्कामी पोहोचतात, तो मागाहून वेगवान यानांनी निघालेले लोक तेथे आधीच नांदत असतात! 1941 साली रॉबर्ट हाइनलाइन याने दाखविलेले जहाज याहून भयंकर आहे. एका बंडाळीनंतर तेथील लोकांना आपण जहाजात आहोत हेच आठवत नाही. भिंतींपलीकडे काही असू शकते ही गोष्ट त्यांना पाखंड वाटते आणि जुनी यंत्रविद्येची पुस्तके पोथ्या होऊन बसतात. 1956 साली स्वीडिश कवी हॅरी मार्टिन्सन याने आठ हजार निर्वासितांना मंगळाकडे नेणारे जहाज वाट चुकवून अनंतात सोडले. या लेखकांनी एंजिनाची चिंता केली नाही. जहाजात माणसाचे काय होते ते त्यांनी पाहिले.

यंत्रज्ञ आपल्या मार्गाने पुढे गेलेच. 1973 ते 1978 या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने ‘डीडलस’ नावाच्या यानाचा तपशीलवार आराखडा केला. वजन सुमारे चोपन्न हजार टन, त्यांपैकी पन्नास हजार टन नुसते इंधन. प्रवास सुमारे पन्नास वर्षांचा. मात्र त्यात एकही माणूस नव्हता. 1975 साली अमेरिकेत नासाच्या पुढाकाराने उन्हाळ्यात भरलेल्या अभ्यासवर्गाने दहा हजार माणसांसाठी सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे चाकासारखे नगर रेखाटले. ते मिनिटाला एक फेरा घेईल आणि त्यामुळे आतल्या माणसांना पायांखाली वजन जाणवेल.

कागदावरची हवा मात्र नेहमी शुद्ध असते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात सव्वा हेक्टरांहून थोड्या अधिक जागेवर ‘बायोस्फिअर-2’ नावाचे बंद काचघर उभारले गेले आणि 1991 साली आठ स्त्रीपुरुष दोन वर्षांसाठी आत गेले. काही महिन्यांत प्राणवायू घटू लागला. एकवीस टक्क्यांचा तो सुमारे चौदावर आला. सकस मातीतले सूक्ष्म जीव प्राणवायू खात होते. आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू झाडांना मिळण्याऐवजी काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. अखेर 1993 च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू भरावा लागला. त्या आठांतही चार-चारांचे दोन तट पडले होते. ताऱ्यांच्या वाटेवर मात्र ‘बाहेरून’ काहीच येणार नाही.

येथे मला माझ्या तरुणपणीची सूतगिरणी आठवते. खात्यातली हवा दमट ठेवीत, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. हवा सुताच्या सोयीची होती, श्वास मात्र आम्ही घेत होतो. पण पाळी संपली की आम्ही दाराबाहेर पडत असू आणि अन्याय असह्य झाला की संप करीत असू. जहाजात दाराबाहेर काहीच नाही. हवा करणाऱ्यांनी काम थांबविले तर सर्वांबरोबर तेही मरतील. आणि ज्याच्या हाती हवेचा नळ आहे त्याने तो बंद करण्याची नुसती धमकी दिली, तरी सर्वांना मान तुकवावी लागेल. तेथे संपही नाही आणि मोकळे रानही नाही. म्हणून न्यायाची सोय मागाहून करता येणार नाही. ती मूळ आराखड्यातच हवी.

दुसरा प्रश्न याहून बिकट आहे. 1834 पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर गेले. पुढे मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही त्यांत होती. पुष्कळांना फसवून नेले, हे खरे. तरी करारावरचा अंगठा त्यांचा स्वतःचा होता आणि परत येणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. कित्येक परत आलेही. ताऱ्याकडे निघालेल्या जहाजात जन्मलेल्या मुलाचा अंगठा कोठे आहे? पणजोबांनी केलेल्या कराराने तो जन्मतःच कोणत्या तरी पाळीवर लागतो. जन्मावरून काम ठरण्याचे दुःख काय असते, हे आपल्या देशात कोणाला सांगावयास नको.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाने 2015 सालच्या ‘अरोरा’ कादंबरीत हाच प्रश्न विचारला आहे. त्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवासानंतर मुक्कामी पोहोचतात. तेथे जगणे शक्य नाही असे दिसते, आणि त्यांच्यातले बरेच जण पृथ्वीकडे परत फिरण्याचे ठरवितात. शंभर-दीडशे वर्षांच्या या जहाजांच्या इतिहासात मला हा टप्पा मोठा वाटतो. कारण परत फिरण्याचा हक्क येथे कथेच्या मध्यभागी आला.

अशी जहाजे रेखाटू नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. बहिऱ्या मास्तराने स्वप्न पाहिले नसते तर माणूस चंद्रावर पोहोचला नसता. पण यापुढे एखाद्या मुलाने वहीत असे जहाज काढले, तर त्याच्या एंजिनाचे कौतुक करून झाल्यावर आपण त्याला एवढे जरूर विचारावे: बाळ, यातली हवा कोणाच्या ताब्यात आहे? आणि जो वाटेत जन्मेल, त्याने ‘मला हे काम नको’ असे म्हटले, तर त्याच्यासाठी तू कोठे जागा ठेवली आहेस?