आसन एक, उमेदवार दोन

डिसेंबर १९७६. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि पूर्व जर्मनी येथील प्रत्येकी दोन, असे सहा वायुदल अधिकारी दाखल झाले. सोव्हिएत संघाच्या ‘इंटरकॉसमॉस’ कार्यक्रमातील ही पहिली परदेशी तुकडी.

सोयुझ यानाची यंत्रणा, सॅल्यूत स्थानकाची प्रतिकृती, शरीराची कसोटी पाहणारे अपकेंद्री यंत्र. सारे काही सहाही जणांना सारखेच, आणि तेही रशियन भाषेतून. मात्र प्रत्येक देशाच्या वाट्याला आसन एकच होते. दुसरा उमेदवार राखीव.

पहिला मान चेकोस्लोव्हाकियाला मिळाला. २ मार्च १९७८ रोजी व्लादिमीर रेमेक सोयुझ-२८ मधून झेपावले. अमेरिका व सोव्हिएत संघ यांखेरीज अन्य देशाचे ते पहिले अंतराळवीर. दहाच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले होते. या मानामागे राजकारण नव्हतेच, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

जूनमध्ये पोलंडचे हेर्माशेव्स्की गेले, ऑगस्टमध्ये पूर्व जर्मनीचे येन. तिघांच्याही गौरवार्थ टपाल तिकिटे निघाली.

आणि उरलेले तिघे? पेल्चाक, यान्कोव्स्की, क्योल्नर. त्यांचेही प्रशिक्षण पूर्ण झाले होते. त्यांना अंतराळ कधीच दिसले नाही.

पुढे भारतीय वायुदलाचे दोन वैमानिक याच स्टार सिटीत आले, तेव्हाही रीत बदलली नव्हती. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून गेले. तितकीच तयारी केलेले रवीश मल्होत्रा जमिनीवरच राहिले.