स्मार्ट घड्याळ घेताय? आधी गरज ओळखा

मनगटावरच्या घड्याळाकडून पूर्वी एकच अपेक्षा असे, त्याने वेळ बरोबर दाखवावी. लग्नात जावयाला एचएमटीचे घड्याळ दिले की पुढची पंचवीस वर्षे त्याला सकाळी किल्ली द्यायची, एवढाच काय तो व्याप. आजचे स्मार्ट घड्याळ पावले मोजते, नाडी पाहते, झोपेचा हिशेब ठेवते, फोन आल्याचे सांगते आणि फार वेळ बसून राहिल्यास 'आता उठा' अशी समजही देते. हजार-दीड हजारापासून ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत त्याच्या किमती पसरल्या आहेत. जाहिरातीतील सोयींची यादी मात्र दोन्ही टोकांना जवळपास सारखीच असते. ग्राहकाचा गोंधळ होतो तो इथेच.

यादी सारखी असली तरी त्यामागचे मोजमाप सारखे नसते. म्हणून खरेदीपूर्वी हे यंत्र नेमके काय मोजते आणि कशाचा केवळ अंदाज बांधते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

हिरव्या दिव्याचे गणित

घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा दिवा अनेकांनी पाहिला असेल. रक्त तांबडे दिसते, कारण ते तांबडा प्रकाश परावर्तित करते आणि हिरवा शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, तेवढा हिरवा प्रकाश अधिक शोषला जातो आणि परतणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार टिपून घड्याळ नाडीचे ठोके मोजते. रक्तातील ऑक्सिजनसाठी तांबडा आणि अवरक्त प्रकाश वापरला जातो. पावले मोजण्याचे काम हाताच्या हालचाली ओळखणारा संवेदक करतो.

बाकी बरेचसे अनुमान असते. वय, वजन, उंची, नाडी आणि हालचाल यांवरून सूत्राने काढलेले ते आकडे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणांची चाचणी घेतली. सातपैकी सहा उपकरणांत नाडीच्या मोजणीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून उपकरणे सुधारली आहेत, पण व्यायामानंतर घड्याळाने 'चारशे कॅलरी खर्च' म्हटले म्हणून दोन वडापाव निर्धास्तपणे खाणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवलेले बरे.

पावलांच्या मोजणीतही गमती असतात. पोळ्या लाटताना किंवा खड्ड्यांतून दुचाकी नेताना बसल्या जागी पावले वाढू शकतात. उलट दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या धरून चालणाऱ्याची पावले कमी भरतात. रोजच्या दहा हजार पावलांचे जे उद्दिष्ट सर्वत्र सांगितले जाते, त्याचा उगमही वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलेमापक विक्रीस आला. त्याचे नाव 'मानपोकेइ', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक फारसा वाढला नाही. ज्येष्ठांना दहा हजारांच्या धाकात ठेवण्याचे कारण नाही, असा याचा व्यवहारी अर्थ.

छातीत दुखत असेल तर

महागड्या घड्याळांत ईसीजीची सोय असते. ॲपलने ती २०१८ मध्ये आणली आणि भारतात ती २०१९ पासून मिळू लागली. इतर काही कंपन्यांच्या घड्याळांतही ती आहे. घड्याळाच्या कडेवर दुसऱ्या हाताचे बोट ठेवायचे आणि अर्धा मिनिट स्थिर बसायचे. रुग्णालयातील ईसीजी बारा अंगांनी हृदयाकडे पाहतो, घड्याळ एकाच अंगाने पाहते. हृदयाची लय बिघडली आहे का, विशेषतः 'एट्रियल फिब्रिलेशन' हा विकार आहे का, एवढे ते सुचवू शकते. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून ही सूचना मोलाची आहे.

परंतु हृदयविकाराचा झटका हे घड्याळ ओळखू शकत नाही. कंपन्या स्वतःच तसे लिहून देतात. ते वाचतो कोण, हा भाग वेगळा. झटका म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा, आणि तो येत असताना लय अगदी नियमित असू शकते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे असताना 'घड्याळ तर नॉर्मल म्हणते' म्हणून घरी थांबणे प्राणावर बेतू शकते. अशा वेळी घड्याळाकडे न पाहता रुग्णालय गाठावे.

याची दुसरी बाजूही आहे. घड्याळातील अनियमित नाडीच्या सूचनेबाबत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात अशी सूचना केवळ ०.५२ टक्के लोकांना मिळाली. त्यांपैकी ज्या ४५० जणांची नंतर ईसीजीच्या पट्टीने तपासणी झाली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत त्या काळात विकार दिसला. हा विकार येऊनजाऊन असतो, त्यामुळे उरलेल्या सर्वांच्या सूचना खोट्या होत्या असे म्हणता येत नाही. सूचना आली तर घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे.

रक्तदाबाबाबत अधिक सावध राहायला हवे. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, त्यांना दंडावर बांधायच्या नेहमीच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे मूळचे यंत्र घरात हवेच. दीड-दोन हजारांचे घड्याळ असे काहीही न करता १२०/८० दाखवू लागले, तर तो आकडा कुठून आला असा प्रश्न विचारणे योग्य ठरेल. सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा तर सरळ धोक्याचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे घड्याळ वा अंगठी वापरू नका, असा इशारा दिला. अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने चुकीच्या आकड्यावर मात्रा ठरवली तर काय होईल, हे सांगायला नको.

झोपेचे टप्पे हेही अनुमानच. प्रयोगशाळेत ते मेंदूच्या लहरींवरून ठरवतात, घड्याळ हालचाल आणि नाडीवरून. किती वाजता झोप लागली आणि किती तास मिळाली, इथपर्यंत ते उपयोगी आहे. त्यापुढे सकाळी उठून झोपेचे गुण तपासत बसण्याने झोप उडालेल्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच घडवला!

धावणाऱ्यांची गरज वेगळी

रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारणाऱ्यास साधा फिटनेस बँडही पुरतो. धावणाऱ्याचे तसे नाही. त्याला अंतर आणि वेग अचूक हवा, म्हणून घड्याळातच जीपीएस असणे आवश्यक. येथे जाहिरातीतील एका शब्दाकडे लक्ष द्यावे. 'कनेक्टेड जीपीएस' म्हणजे जीपीएस फोनमधला. फोन घरी राहिला तर अंतर केवळ पावलांवरून ठरते. 'बिल्ट-इन' असे लिहिले असेल तरच ते घड्याळात असते. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि नकाशावरची रेघ रस्ता सोडून इमारतींतून धावू लागते. मुंबई-पुण्यात हा अनुभव नेहमीचा. दोन वारंवारतांवर संकेत घेणारी घड्याळे या बाबतीत उजवी असतात, पण महाग पडतात.

बॅटरीचेही तसेच. 'सात दिवस चालते' हा दावा जीपीएस बंद ठेवून केलेला असतो. मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पाच-साडेपाच तासांत पुरे करणाऱ्या हौशी धावपटूने 'जीपीएस सुरू असताना किती तास' हाच आकडा पाहावा. गार्मिनसारख्या कंपन्यांची घड्याळे इथे पुढे आहेत. ॲपल, सॅमसंगच्या बहुतेक घड्याळांना एक-दोन दिवसांआड चार्जरशी गाठ घालावीच लागते, आणि रात्री चार्जिंगला लावले तर झोपेची नोंद होत नाही.

नाडीची नोंद अचूक हवी असेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सैल नाही पण रुतणारही नाही असे बांधावे. वजने उचलताना किंवा सायकलचे हँडल आवळून धरल्यावर मनगटाचे स्नायू ताणले जातात आणि आकडे भरकटतात. अशा व्यायामासाठी छातीला बांधायचा पट्टा अजूनही अधिक विश्वासार्ह आहे. तो प्रकाशावर नव्हे, हृदयाच्या विद्युत संकेतांवर चालतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर प्रकाश अडतो, हेही ध्यानात घ्यावे.

आधी फोन कोणता ते पाहा

ॲपलचे घड्याळ अँड्रॉइड फोनशी चालत नाही. सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलेक्सी घड्याळे आयफोनशी जुळत नाहीत, आणि त्यांतील ईसीजी व रक्तदाबाच्या सोयींना फोनही सॅमसंगचाच लागतो. ही माहिती खोक्यावर बारीक अक्षरांत असते आणि ग्राहकाला ती बिल झाल्यावर कळते.

'ब्लूटूथ कॉलिंग' म्हणजे घड्याळाला स्वतःचा फोन क्रमांक आहे असे नव्हे. फोन जवळपास असेल तरच बोलता येते. फोनविना बोलायचे तर ई-सिमचे घड्याळ आणि दूरसंचार कंपनीची जोडणी, दोन्ही लागतात. घड्याळावरून पैसे भरण्याची सोय परदेशात आहे म्हणून ती येथे चालेलच असे समजू नये.

मराठी वाचकांसाठी एक खास चाचणी आहे. दुकानातच स्वतःच्या फोनवर एक मराठी संदेश मागवून घड्याळावर पाहावा. कित्येक स्वस्त घड्याळांत देवनागरीऐवजी चौकोनांची रांग दिसते, काहींत जोडाक्षरे फुटतात. आईवडिलांसाठी घड्याळ घेणाऱ्यांनी तर हे पाहावेच. त्यांच्यासाठी अक्षरांचा आकार, पडल्यास आपोआप कुटुंबीयांना कळवण्याची सोय आणि चार्जर लावण्यातला सुटसुटीतपणा या तीन गोष्टी शंभर व्यायामप्रकारांहून महत्त्वाच्या. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. चुंबक असलेली अशी उपकरणे त्यापासून किमान सहा इंच दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

पाणी, कातडी आणि खासगीपण

'५ एटीएम' म्हणजे पन्नास मीटर खोल बुडी मारता येते असे नाही. तो प्रयोगशाळेतील स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. पोहायला हे पुरते. 'आयपी ६८' एवढेच लिहिलेले घड्याळ पावसात चालेल, तलावात नेऊ नये. गरम पाणी आणि साबण रबराच्या सीलचे नुकसान करतात. आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठते, तेव्हा पट्टा रोज धुवावा आणि मनगटाला काही तास मोकळीक द्यावी.

घड्याळ गोळा करते ती माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या ॲपच्या नकाशावरून धावणाऱ्या सैनिकांच्या फेऱ्या उमटल्या आणि लष्करी तळांचे आराखडे जगाला दिसले. सामान्य माणसाचा तळ म्हणजे त्याचे घर. रोजची फेरी दारापासून सुरू होत असेल तर ॲपमधील नोंदी सार्वजनिक आहेत की खासगी, हे पहिल्याच दिवशी तपासावे. भारतात २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, पण ॲपला परवानगी देणारे बोट ग्राहकाचेच असते.

भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी येथे विकल्या जाणाऱ्या स्मार्ट घड्याळांना सक्तीची आहे. ती विद्युत सुरक्षिततेची असते. नाडीचा आकडा बरोबर असल्याची ती ग्वाही नव्हे. विक्रेते हे दोन्ही एकत्र करून सांगतात. त्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे घड्याळ हातावर बांधून दुसऱ्या हाताने मानेवरची नाडी अर्धा मिनिट मोजावी व दुप्पट करावी. दुकानाचा जिना भरभर चढून पुन्हा तेच करावे. मग घड्याळ काढून गुंडाळलेल्या कागदावर बांधून पाहावे. क्षणभर एखादा आकडा चमकला तर चालेल; पण कागदाचीही नाडी मिनिटभर बहात्तर लागत असेल, तर ते खोक्यात परत ठेवून पुढचे दाखवायला सांगावे. शेवटी हमी किती वर्षांची, सॉफ्टवेअरची सुधारणा किती काळ मिळेल आणि आपल्या शहरात सेवा केंद्र कुठे आहे, हे विचारून बिलावर तारीख घालून घ्यावी. बहुतेक घड्याळांची बॅटरी ग्राहकाला बदलता येत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी ती मंदावतेच.