पायदळ माणसाचं नागपूर

आपल्या विदर्भात कुणी विचारलं, "कसे आले हो?" तर उत्तर येतं, "पायदळ आलो." पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला वाटतं, हा माणूस सैन्यात आहे की काय! आज मला या पायदळ माणसाबद्दलच बोलायचं आहे. शहराच्या इतिहासात राजे असतात, लढाया असतात, इमारती असतात. चालणारा माणूस मात्र त्यात सापडत नाही. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. नागपूरचे रस्ते वेळोवेळी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, इथली लहान लहान खेडी जोडून शहर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, तट बांधला, जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर. पुढे भोसल्यांच्या काळात महाल आणि भोवतालची वस्ती वाढली. आता नावं बघा: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. ज्या वारी बाजार, त्या वाराचं नाव. डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, या हिशेबाने अंतरं ठरली. महालातल्या अरुंद गल्ल्यांना आपण आज नावं ठेवतो, पण मे महिन्याच्या उन्हात त्या गल्लीतली सावली काय चीज आहे, ते तिथे चालणाऱ्यालाच कळतं.

१८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्स उभी राहिली. लांब रस्ते, मोठी आवारं, दोन बंगल्यांमध्ये भरपूर अंतर. ही आखणी बग्गीवाल्या साहेबाची. साहेबाच्या घरी कामाला येणारा माणूस मात्र पायदळच येत होता! १८६७ मध्ये रेल्वे आली. तिने शहराला जगाशी जोडलं, पण शहराचे दोन भागही केले. पूर्वेला महाल, इतवारी, मोमिनपुरा. पश्चिमेला बर्डी, सिव्हिल लाइन्स, पुढे धरमपेठ. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्याच. बर्डीहून कॉटन मार्केटकडे लोहापुलाखालून कधी पायी गेला असाल, तर हा दीडशे वर्षांचा इतिहास तुमच्या अंगाला घासून गेला आहे.

१८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगार आधी पायी आणि नंतर सायकलवर यायचे. डबा हँडलला अडकवलेला, मागे कॅरिअरवर पोरगं. ही सायकल गरजेची होती. तिच्यासाठी कुणी वेगळा रस्ता केला नाही, आणि तेव्हा त्याची गरजही नव्हती, कारण रस्त्यावर तिला घाबरवणारं फारसं काही नव्हतं.

मग १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, नव्या वस्त्या आखल्या गेल्या, शहर पसरलं. शहर पसरलं की पायांची मुदत संपते. २००० च्या सुमारास एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात शहरभर रस्ते रुंद झाले. मी त्याला सरसकट दोष देणार नाही. त्यात फुटपाथही झाले, आणि ते आपल्याला आवडलेही. पण नंतर काय झालं? फुटपाथवर डीपी आली, जाहिरातीचा खांब आला, दुकानाची पायरी आली, आणि उरलेल्या जागेत गाड्या लागल्या. गाड्यांना किती जागा हवी ते आधी ठरतं, मग जी पट्टी उरते तिला आपण फुटपाथ म्हणतो. घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जे उरतं, ते कुणाच्या वाट्याला यायचं, हे आपल्या आया-आज्ज्यांना विचारा.

कागदावर मात्र सगळं चोख आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितलं की वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण महत्त्वाची. भारतीय रस्ते काँग्रेसचा संकेत सांगतो की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. म्हणजे दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडू नयेत, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला चढता यावं. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०१९ मध्ये आपल्याकडे मेट्रो धावली. २०२२ मध्ये केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' आणि 'स्ट्रीट्स फॉर पीपल' या दोन्ही स्पर्धांच्या विजेत्या ११ शहरांत नागपूर होतं. याचा आनंदच आहे. पण सायकलची मार्गिका दिसली की मी एक प्रश्न विचारतो: ही कुठून निघते आणि कुठे पोचते? तलावाभोवती सकाळी फेरी मारणाऱ्याला ती उपयोगी असेल. पण पहाटे कळमन्याहून भाजी आणणाऱ्याला, किंवा दुसऱ्याच्या घरी वॉचमन म्हणून जाणाऱ्याला ती कामाच्या ठिकाणापर्यंत नेते का? मेट्रोचंही तसंच. स्टेशन कितीही चकचकीत असो, प्रवास घराच्या दारापासून सुरू होतो, आणि तो पहिला अर्धा किलोमीटर पायदळच असतो.

कुणी म्हणेल, इतक्या गर्दीच्या शहरात चालणाऱ्याला जागा देणार कुठून? उत्तर आपल्याच गावात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसं आली. आजही दरवर्षी येतात. स्टेशनवर उतरतात आणि लेकराबाळांसह दीक्षाभूमीकडे चालू लागतात. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते, वाटेत पाण्याची सोय होते, दवाखाने लागतात, आणि वाट चुकलेल्याला सांगायला स्वयंसेवक उभे असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हाही जुन्या शहराचे रस्ते चालणाऱ्यांचेच असतात. म्हणजे हे शहर चालणाऱ्याची सोय करू शकतं. ते त्याला जमतं, आणि उत्तम जमतं.

तेव्हा मागणी काही फार मोठी नाही. वर्षातले ते दोन-चार दिवस आपण ज्याला पाहुणा मानतो, त्या पायदळ माणसाला उरलेले दिवस घरचा माणूस माना. पुढचा रस्ता आखायला घेतला की पहिली रेघ त्याच्यासाठी ओढा, आणि उरलेली जागा गाड्यांना द्या.

आता प्रश्न घेऊ या.